शैलाताईंच्या म्हशी

शैलाताईंकडे चपात्या करायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडंच होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता, "सुंद्रे, माघारी फिर. पाण्यावरनं चालत्यात व्हय म्हशी?" राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर म्हैस कशी आली, म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. आत ताई एकट्याच होत्या, खुर्चीत मांडी घालून कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. पडद्यावर कुरण होतं, नदी होती आणि एक म्हैस कोरड्या पायांनी पाण्यावरून पलीकडे निघाली होती.

फोनवर खेळायचा तो एक गावाचा खेळ होता. पुण्याची कंपनी तो तयार करत होती आणि त्यातली जनावरं ताईंकडे दिली होती. "यांची अक्कल मी लिहिती मावशी," त्या म्हणाल्या. "लिहिलंय तेवढंच करत्यात. माणसांपरीस बरी."

कोंबड्या, शेळ्या, कुत्री जमली होती. म्हशींनी मात्र त्यांना जेरीस आणलं. सात म्हशींनी कुरणात चरायचं, हद्दीबाहेर जायचं नाही, एवढंच काम. पण मोकळ्या सोडल्या की त्या देवळाच्या शिखरावर जाऊन उभ्या राहायच्या. ताईंनी कडेला न दिसणारी भिंत घातली, तर सातही जणी भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय हलवू लागल्या. मग हद्द ओलांडली की उचलून मध्ये ठेवायचं असं लिहिलं. तेव्हा चालती म्हैस एकाएकी नाहीशी झाली आणि दुसरीच्या पाठीवर उगवली. ताईंना हसता हसता ठसका लागला. कंपनीतले लोक हसले नाहीत.

ताई चाळिशीच्या, बोलायला रोखठोक. चपातीला लसणाची चटणी लावून गुंडाळी करायच्या आणि उभ्यानेच खायच्या, नजर पडद्यावर. कंपनीच्या साहेबांशी भांडताना म्हणायच्या, "जनावर खोटं असूदे, वागणं खरं पायजे. खेड्यातला माणूस हे बघून हसंल." फोन ठेवला की मात्र नखं कुरतडत बसायच्या. दर रविवारी पहिल्या एसटीने त्या जयसिंगपूरला आईकडे जात. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं आणि न्हाऊ घालायला ताईंशिवाय ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. हे काम गेलं तर बेंगळुरूची नोकरी धरावी लागेल आणि मग आईचं कोण बघणार, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी कणीक मळत होते. मान वर न करता ऐकलं.

रोज मी निघताना त्या खुर्ची ओढून द्यायच्या. "बसा मावशी. बघा, कसं वाटतंय?" मी खुर्चीच्या कडेला टेकायची, पदर बोटाला गुंडाळायची आणि म्हणायची, "चांगलं हाय."

ते चांगलं नव्हतं. मी आजऱ्याकडची. चौथीनंतर शाळा सुटली, ती लग्न होईपर्यंत म्हशींमागेच होते. म्हैस कशाने माघारी येते, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगता आलं असतं. पण एवढ्या शिकलेल्या बाईला मी काय सांगणार? आधीच्या एका घरी पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलले, तर तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला विचारलंय का. ताई तर रोज विचारत होत्या. तरी मी तीन महिने तोंड उघडलं नाही.

एका सकाळी गेले तर कॉम्प्युटर बंद होता. ताई गॅलरीत खाली बसल्या होत्या. कंपनीने काम काढून घेतलं होतं आणि बेंगळुरूला त्यांनी होकार कळवला होता. मी चहा करून नेला. आता चुकलं तरी काही बिघडणार नव्हतं, म्हणून असेल, मी बोलले.

"ताई, म्हशीला कुंपण लागत न्हाय. रेडकू दारात बांधायचं. ती कितीबी लांब जाऊदे, कास भरून आली की तोंड घराकडं करती. आन् एक फिरली की बाकीच्या तिच्या मागनं येत्यात."

ताईंनी कप खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. दुपारपर्यंत उठल्या नाहीत. मीही पुढच्या घरी गेले नाही. कुरणाच्या मध्ये एका खुंटाला त्यांनी रेडकू बांधलं. "जितकी लांब, तितकी ओढ जास्त," असं काहीतरी पुटपुटत लिहीत राहिल्या. मग म्हशी सुटल्या. चरत चरत पसरल्या. सुंद्री पार नदीपर्यंत गेली. तिथे तिची चाल मंदावली, मान वर झाली आणि ती वळली. मागोमाग बाकीच्या वळल्या, अगदी आमच्या माळावरच्यासारख्या.

ताईंनी लगेच साहेबांना फोन लावला. त्यांनी बघितलं, छान झालंय म्हणाले. पण खेळातून कुरणच काढून टाकलं होतं. तिथे आता बाजार बसवला होता.

फोन ठेवून ताई माझ्याकडे वळल्या. "मावशी, हे तुम्हाला कवापासनं ठाऊक हुतं?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "आत्ताच सुचलं ताई. चहा करताना."

त्यांनी विश्वास ठेवला. वर माझा हात हातात घेऊन मलाच समजावत राहिल्या की यात तुमची काही चूक नाही. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

त्यांचा फोन येतो अधूनमधून. आई आता भावाकडे आहे, अजून वहिनीला अंगाला हात लावू देत नाही, असं मागच्या वेळी सांगत होत्या. मग नेहमीप्रमाणे हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला म्हैनाभर आधी सुचलं असतं, तर मी हितं कशाला असती?"

मी "व्हय की" म्हटलं आणि फोन ठेवला.