बेड चारचा शेरा

परबबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, मेघनाने केला. सकाळचे साडेदहा झाले होते, मी गोरेगावच्या ऑफिसात चहा घेत होतो. "विनयदादा, आई गेली दहा वाजता," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "बेड न्यायला कधी येताय? आईने बजावून ठेवलं होतं, पहिला फोन तुम्हाला करायचा. बेड अडकवून ठेवायचा नाही." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक 'हो' म्हणालो असेन... बाईंना माणसं 'हो'च म्हणायची.

नाहूर स्टेशनजवळ आमच्या काही सोसायट्या मिळून एक रुग्णसाहित्य केंद्र चालवतात. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हँडल फिरवून वरखाली होणारे बेड. ज्याला गरज असेल त्याने न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. शाळेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या परबबाई हे सगळं सांभाळायच्या. वही त्यांनी कधीच बंद केली होती आणि एक्सेलची शीट स्वतः बनवली होती. प्रत्येक वस्तूसमोर एक बटण. वस्तू बाहेर गेली की बटण दाबायचं, शेजारचा चौकोन लाल व्हायचा. परत आली की पुन्हा दाबायचं, हिरवा. अशी शंभरावर बटणं, आणि बटण दाबल्यावर संगणकाने काय करायचं ते सांगणारा मॅक्रो प्रत्येकाला वेगळा. एक लिहायचा, कॉपी करायचा, नंबर बदलायचा, पुन्हा कॉपी. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहितो, आणि सुट्टीच्या दिवशी केंद्रात मदतीला जायचो. ते बघून मला हसूच आलं.

"बाई, सगळ्या बटणांना मिळून एकच मॅक्रो पुरतो," मी म्हणालो. "कुठलं बटण दाबलंय ते तो स्वतः ओळखतो, आणि पुढचं काम सगळ्यांचं सारखंच."

"सारखंच?" बाई म्हणाल्या. "बघ बाबा. तू शिकलेला."

मी वरचे दहा-बारा मॅक्रो वाचले. सगळे वॉकरचे होते, एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. खालचे वाचायची मला गरज वाटली नाही. एका दुपारी ते सगळे पुसले, त्यांच्या जागी एक लिहिला, फाइल सेव्ह केली आणि स्वतःवर खूश होऊन घरी जाऊन झोपलो. खाली व्हीलचेअर आणि खुर्च्यांच्या मॅक्रोंमध्ये बाईंनी एकेक ओळ जादा लिहिलेली होती, ती मी पाहिलीच नव्हती. त्या ओळीमुळे बटण दाबताच पडद्यावर सूचना यायची... 'व्हीलचेअर सात. डावा ब्रेक सैल. उताराच्या जागी देऊ नये.' माझ्या मॅक्रोत असलं काही नव्हतं. दहा दिवसांनी, बाई नसताना, व्हीलचेअर सात एका उतारवाल्या इमारतीत गेली आणि आजोबांना घेऊन खाली घसरली. कोपर सोलपटलं. त्यावरच भागलं हे आमचं नशीब.

बाई रागावल्या की थेट मालवणीवर यायच्या. "मेल्या, वरची धा बघून खालची शंभर पुसलंस? माणसां पण अशीच बघतंस काय तू?" त्यातलं शेवटचं मला जास्त लागलं.

जुनी फाइल कुठेच शिल्लक नव्हती. पुढच्या रविवारी त्यांनी मला केंद्रात बोलावलं आणि एकेका व्हीलचेअरमध्ये त्या स्वतः बसल्या. "ढकल. आता थांबव. हिचं पुढचं चाक अडतंय, लिही." मी ढकलत होतो आणि टाइप करत होतो. बेडपर्यंत पोचेतो दोघंही थकलो होतो, म्हणून बेड रिकामेच फिरवून पाहिले आणि सगळ्यांपुढे 'ठीक' लिहिलं. मॅक्रो एकच ठेवायला बाई तयार झाल्या, पण त्याला एक काम वाढवून दिलं. शीटमध्ये 'शेरा' नावाचा रकाना केला. कुठलंही बटण दाबा, मॅक्रोने त्याचा शेरा आधी दाखवायचा, मग पुढचं. त्यानंतर आमची शीट कधी चुकली नाही.

गेल्या वर्षी बाईंना पोटाचं दुखणं निघालं. घरी बेड लागणार हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "यादीत माझा नंबर कितवा?" तिसरा होता. मी पुढे घेतो म्हणालो, तर फोन ठेवून दिला. नंबर लागल्यावरच बेड चार त्यांच्याकडे गेला, केंद्राचा लॅपटॉपही त्यांनी मागून घेतला. दर शनिवारी मी जायचो. गेल्या गेल्या पायाकडचं हँडल झटपट फिरवून त्यांना बसतं करायचो, मग आम्ही कोणाकडे काय गेलं, काय आलं, ते बोलायचो. दुखण्याबद्दल त्या बोलत नसत.

त्या गेल्यानंतर दोन दिवसांनी टेम्पोतून बेड आला, गादीवर लॅपटॉप ठेवलेला. बेड पुसून कोपऱ्यात लावला, पण बटण काही मी दाबलं नाही. चौकोन लाल आहे तोवर बाई आपल्या घरी बेडवर आहेत असं वाटायचं. मला तसं वाटायला हवं होतं. विचारणाऱ्यांना दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलं. तीन आठवडे हे चाललं. मग मुलुंडहून एका माणसाचा फोन आला. आईला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी आणायची होती. "बेड नसेल तर गादी जमिनीवर घालू का? चालेल ना?" तो मलाच विचारत होता. मला माझी लाज वाटली. त्याला संध्याकाळी यायला सांगून लॅपटॉप उघडला आणि बेड चारचं बटण दाबलं.

चौकोनाआधी शेरा आला. त्यात 'ठीक' नव्हतं. तो शब्द काढून बाईंनी नवीन शेरा लिहिला होता.

'बेड चार. पायाकडचं हँडल हळू फिरवावं. झोपलेल्या माणसाला धक्का बसतो.'

इतके शनिवार ते हँडल मी फिरवलं होतं. मला त्या एकदाही काही बोलल्या नाहीत.

मुलुंडचा माणूस संध्याकाळी आला. हँडल कसं चालतं ते दाखवा म्हणाला. मी त्याला आधी बेडवर आडवा व्हायला सांगितलं, आणि हळू फिरवलं.