सोडा त्याले

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मला घेतलं ते उंचीमुळे. रिठदच्या शाळेत मी कबड्डी आणि खो-खो खेळलो होतो. बास्केटबॉलची रिंग पहिल्यांदा पाहिली ती वाशीमला कॉलेजात आल्यावर. पीटीच्या सरांनी मला व्हरांड्यात अडवलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "संध्याकाळी ग्राउंडवर ये." मी गेलो. पळण्यात मी कमी नव्हतो, उडी बरी होती, हातात आलेला बॉल सहसा सुटत नसे. फक्त तो रिंगमध्ये टाकणं मला जमत नव्हतं. सगळा खेळ ज्याच्यासाठी आहे, नेमकं तेच.

सरावात हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही, किंवा आलं तरी कुणी बोललं नाही. आमचा कॅप्टन वाशीमच्याच एका कापड दुकानदाराचा मुलगा होता, बारीक, चष्म्याचा, खेळापेक्षा खेळाचा विचार करण्यात जास्त रमणारा. तो म्हणायचा, "होईल रे, हात बसायला वेळ लागते." मीही तेच धरून चाललो होतो.

मग अकोल्याच्या एका कॉलेजशी आमची मॅच झाली, त्यांच्या मैदानावर.

तसा वेगवान संघ आम्ही पाहिलाच नव्हता. आमचा बॉल रिंगवरून उडाला की त्यांचा एक जण तो उचलायच्या आधीच दुसरा पलीकडच्या रिंगकडे सुटलेला असे. लांब पास, दोन टप्पे, बॉल जाळीत. आम्ही वळेपर्यंत ते परत आपल्या जागी जाऊन उभे. आणि बचाव करताना ते माणसाला माणूस धरत नव्हते. पाच जणांनी जागा वाटून घेतलेल्या, दोन पुढे, तीन मागे, आणि बॉल जाईल तिकडे पाचही जण बरोबरीने सरकत. मधे घुसलं की तिघांच्या हातांत सापडलंच. याला झोन म्हणतात हे सरांनी आम्हाला परतीच्या एसटीत सांगितलं.

अशा बचावात कोपरे तेवढे मोकळे राहतात. त्या दिवशी एका कोपऱ्यात मी होतो. बॉल माझ्याकडे आला, मी मारला, रिंगला लागून बाहेर. पुन्हा आला, पुन्हा बाहेर. तिसरा तर बोर्डालाही न लागता मैदानाच्या मागच्या वांग्यांच्या वाफ्यात जाऊन पडला. वाफ्याला पाणी देणाऱ्या बाईने तो चिखलासकट परत फेकला. त्यानंतर त्यांचा कॅप्टन माझ्याकडे बोट दाखवून आपल्या पोरांना ओरडला, "सोडा त्याले!"

आणि त्यांनी मला सोडलं. बॉल माझ्याकडे आला की माझ्या बाजूचा खेळाडू पुढे येण्याऐवजी दोन पावलं मागे सरे आणि हात खाली सोडून माझ्याकडे बघत राही. मार, म्हणजे. मैदानावर भोवती माणसं असताना असं एकट्याने उभं राहणं काय असतं, ते सांगता येत नाही. मला मारताही येईना आणि बॉल टाकून देताही येईना. आम्ही वाईट हरलो.

महिन्याभराने तोच संघ वाशीमला येणार होता. आमच्या कॅप्टनने त्या महिन्यात डोकं चालवलं. एका संध्याकाळी त्याने आम्हाला ग्राउंडवर गोल बसवलं आणि काडीने मुरमावर रेघा ओढल्या.

"पयली गोष्ट, त्यायच्या संगं पळायचं नाही. ते पळतात म्हणून आपन पळतो अन् दम तोडून घेतो. बॉल आला की चालत न्या. बॉल मारायले तीस सेकंद भेटतात, ते वापरा. दुसरी गोष्ट, आपन बॉल मारला की दोघं लगेच मांगं. म्हंजे त्यायचा लांब पास बंद. तिसरी गोष्ट, टप्पे मारत झोनमधी घुसायचं नाही. बॉल पळवा, मानूस नाही. बॉलच्या मांगं त्यायले सरकू द्या, सरकून सरकून फट पडते."

मग त्याने रिंगसमोरच्या फ्री थ्रोच्या रेघेच्या जरा मागे एक खडा ठेवला. झोनच्या बरोबर मधोमध.

"इथं एक मानूस पायजे. इथं बॉल आला की पाचही जन मधात पाहतात अन् दोन्ही कोपरे मोकळे होतात. पण इथं उभ्या मानसाले ते दोघं मिळून दाबतात. म्हणून हा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "याले कोनी धरत नाही."

पोरं हसली. वाईट मनाने नाही. कल्पना खरोखरच नामी होती. मीही हसलो. माझे कान मात्र गरम झाले होते.

"तू फक्त घ्यायचा, वळायचा अन् कोपऱ्यात द्यायचा," कॅप्टन म्हणाला. "मारायचा नाही. काई झालं तरी मारायचा नाही."

मॅचपर्यंत रोज आम्ही तेच घोटलं. बॉल घेणं, वळणं, डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, नाहीतर सरळ रिंगखाली. पास मला चांगले जमू लागले. संघात माझं काहीतरी काम आहे, असं वाटायला लागलं.

मॅचच्या दिवशी माझा बा वाशीमला आला होता. नात्यातल्या एका मुलीच्या सोयरिकीची बोलणी होती, म्हणून धुतलेलं धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर पिशवी अशा थाटात. काम आटोपून तो हॉस्टेलवर मला भेटायला गेला आणि तिथल्या मुलांनी त्याला ग्राउंडवर पाठवलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मॅच सुरू झाल्यावर केव्हातरी चुन्याच्या रेघेपाशी तो मला दिसला. या खेळाचं त्याला ओ का ठो ठाऊक नव्हतं.

पहिला अर्धा भाग कॅप्टनने सांगितलं होतं तसाच गेला. आम्ही बॉल चालत नेत होतो. माझ्याकडे बॉल आला की त्यांचा कॅप्टन ओरडे, "सोडा त्याले!" समोरचे दोघं बाजूला सरत, मी वळून कोपऱ्यात पास देई आणि तिथून आमची पोरं गुण करत. त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं, पण त्यांच्या कॅप्टनलाही हट्ट होता. माझ्यासारख्याला धरायला माणूस द्यायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटत असावा. बघणाऱ्यांना ते शब्द आवडले. थोड्या वेळाने बाहेरची पोरंच ओरडू लागली, "सोडा रे, सोडा त्याले!" मध्यंतर झालं तेव्हा आम्ही पुढे होतो.

आम्ही माठाभोवती पाणी पीत होतो तेवढ्यात बा तिथे आला.

"बा, तू इथं कवा आला?"

"ते पोट्टे तुह्या जवळ काहून येत नाहीत?" त्याने विचारलं.

"कोनते?"

"ते सामनेचे. बाकीच्यायच्या अंगाशी भिडतात. तुह्या हाती आला की मांगं सरतात. अन् वरून सारे म्हनून राह्यले, सोडा त्याले, सोडा त्याले." त्याने आवाज खाली आणला, पण फार नाही. "त्यायले आपली जात ठाऊक हाये काय?"

आम्ही बौद्ध. छप्पन साली बाने दीक्षा घेतली तेव्हा मी पायाशी घोटाळणारं पोर होतो. त्याच्या आधीचं जिणं त्याने भोगलेलं, मी फक्त ऐकलेलं. वाशीमच्या हॉस्टेलात, संघात, आमच्याविषयी कुणी उघड बोलत नसे, आणि मीही तो विषय कधी काढला नव्हता. आता माझे चारही सोबती हातात पेले धरून उभे होते आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.

"तसं नाही बा," मी म्हणालो. "मले नेम लागत नाही. बॉल रिंगमधी जात नाही माह्याच्यानं. म्हणून सोडतात."

"खरं सांग."

"खरंच सांगून राह्यलो."

बा म्हणाला, "शाळेत मले दाराशी बसवत. घरी माहा बा विचारे, तवा मी सांगो, तिथं हवा चांगली लागते."

मी खरं तेच सांगत होतो, आणि ते त्या हवेइतकंच खोटं वाटत होतं. शेवटी कॅप्टन मधे पडला. "काका, तसं काई नाही. याचा बॉल खरंच जात नाही."

"त्याच्यापाशी कोनी येनार नाही, हे तुमाले आदीच ठाऊक होतं?"

"हो."

"म्हनून त्याले मधात उभा केला?"

"हो," कॅप्टन म्हणाला. तो शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय कबूल केल्यासारखं झालं हे त्याला कळलं असावं, कारण त्याने चष्मा काढला आणि बनियनला पुसत बसला. शिट्टी झाली. बा परत रेघेपाशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या भागात पहिल्यांदाच बॉल हातात आला, समोरचे दोघं मागे सरले, आणि त्यांच्या सरकण्याकडे मी बाच्या डोळ्यांनी पाहिलं. मला काहीच सुचेना. माझा एक बॉल आत गेला पाहिजे, एवढंच वाटलं. एक गेला की कुणीतरी येईल, अंगाला अंग लावून उभं राहील, हात धरेल, ढकलेल. बाला ते दिसेल. मी मारला.

नाही गेला. त्यांनी उचलला, लांब पास, गुण.

"मारू नको म्हटलं नं!" कॅप्टन ओरडला.

मी पुढच्या वेळी पुन्हा मारला. आमची पोरं कोपऱ्यांत हात वर करून थांबली होती आणि मी मारत होतो. तो गेला नाही, त्याच्यानंतरचाही नाही. मागे थांबायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि तो संघ आपल्या चालीने पळू लागला. एक बॉल बोर्डाच्या वरून गेला तेव्हा ग्राउंडभर हसू झालं. सरांनी मला बाहेर बोलावलं. मी टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो. मध्यंतरापर्यंत हातात असलेली मॅच आम्ही थोडक्यात हरलो.

संपल्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही. मी कपडे बदलून बाला एसटी स्टँडवर पोचवायला निघालो. वाटेत मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पार निवळला होता.

"खरंच तुह्याच्यानं नाही होत रे!" तो म्हणाला आणि हसला. "एक बी नाही गेला! मी म्हटलं, पोरगं खोटं बोलून राह्यलं. तो उंचावरून गेला नं, तवा मले पटलं."

स्टँडवर त्याने मला शेंगदाणे घेऊन दिले. सोयरीक कशी जमली ते सांगितलं. माझ्या नावाने सगळं ग्राउंड हसलं होतं, संघ माझ्यामुळे हरला होता, आणि माझा बाप इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. त्याला खूश बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

रिठदवरून जाणारी रिसोडची गाडी लागली तेव्हा तो एकदम थांबला. "पण तुले नाही वाटलं कदी तसं?"

"वाटलं होतं," मी म्हणालो. "अकोल्यात. पयल्यांदा मांगं सरले तवा."

"मंग?"

"मंग समजलं, आपलाच नेम नाही."

त्याने मान हलवली. चढताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच ठेवून कंडक्टरने घंटी मारेपर्यंत पायरीवर उभा राहिला.

मी आठवडाभर ग्राउंडवर फिरकलो नाही. मग कॅप्टनच हॉस्टेलवर आला. मला वाटलं, शिव्या देईल. तो खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "तू मले आदी बोलला असता त् मी तुले मधात नसतं ठेवलं." मी म्हणालो, बोलायचं काय होतं, डाव बरोबरच होता. तो म्हणाला, हो, डाव बरोबर होता.

पुढच्या वर्षी मंगरूळपीरला तोच संघ आमच्यासमोर आला. कॅप्टनचा डाव तोच होता. मधे मात्र त्याने नवा आलेला एक मुलगा उभा केला. तो घेई, वळे, आणि कोपरा मोकळा नसेल तर स्वतःच मारी, आणि त्याचा बॉल जाई. त्यांना त्याला धरावंच लागलं, मग कोपरे मोकळे झाले, आणि ते पाचही जण धावून धावून थकले. आम्ही जिंकलो. मी पूर्ण वेळ बाकावर होतो. टाळ्या मी मनापासून वाजवल्या.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाने विचारलं, "त्यायले हरवलं म्हनते?"

"हरवलं."

"तुह्या हातून किती गेले?"

"मी खेळलो नाही बा. बसून होतो."

तो हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळला. "काहून?"

"दुसऱ्या एका पोराचा नेम माह्याहून चांगला हाये."

तो माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला, आणि मी खरं तेच सांगितलं असूनही माझी मान आपोआप खाली गेली.