माझ्याशी न बोललेली बोली

मुंबईच्या त्या मोठ्या हॉटेलात मी दोनदा उतरलो. पहिल्यांदा बायको बरोबर होती. दुसऱ्यांदा एकटाच गेलो, तो एका माणसाला शोधायला. तो भेटला नाही. भेटला असता तरी त्याला काय सांगणार होतो, हे मला आजही नीट ठाऊक नाही.

जळगावला वकिलीची पाटी लावून तेव्हा मला तीन वर्षं झाली होती. माझ्या अशिलांत एक जिनिंग कारखान्याचे मालक होते. त्यांचं अपील हायकोर्टात लागलं होतं, आणि मुंबईला गेले की ते त्याच हॉटेलात उतरत. या वेळी मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांना कावीळ झाली. मी भेटायला गेलो तर अंथरुणातूनच म्हणाले, "कागद घेऊन तुम्हीच जा. बॅरिस्टरांना सगळं समजावून सांगा. आणि खोली राखलेलीच आहे, तर घरच्यांनाही न्या. लग्न झाल्यापासून कुठं नेलंत त्यांना?"

खरंच कुठं नेलं नव्हतं. बायको तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शिरपूरजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, मराठी चौथीपर्यंत शिकलेली. अहिराणीखेरीज दुसरी बोली तिच्या जिभेवर नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. मी तिचं बोलणं सुधारायला गेलो की हसून म्हणायची, "तुम्हले समजनं ना? मंग झायं."

मला मात्र फार वाटत होतं. मीही खेड्यातलाच, चाळीसगावपासून चार कोसांवरच्या गिरणाकाठच्या गावातला. आमच्याही घरी 'आहे' कुणी म्हणत नसे, 'शे'च म्हणत. पुण्याला कॉलेजात गेलो, तेव्हा वसतिगृहाच्या पंगतीत पहिल्याच आठवड्यात मी "भाजी खारट शे" असं म्हणालो आणि सगळी पंगत हसली. पुढं वर्षभर मला त्याच एका अक्षरानं हाक मारत. त्या वर्षात मी माझी जीभ अशी घासून काढली, की सुट्टीत घरी गेलो तेव्हा आई मला 'अहो-जाहो' करायला लागली होती.

तर आम्ही दोघं मुंबईला गेलो. त्या हॉटेलात शिरताना मी दोनदा टोपी सारखी केली, हे कबूल करतो. दाराशी उंच फेट्याचा माणूस उभा. आत संगमरवरी जिना, त्याच्या मधोमध लाल पट्टा अंथरलेला. जाळीच्या दाराची लिफ्ट. पितळेच्या कुंड्यांतून ताडाची झाडं, आणि त्यांच्या आडून कुठूनतरी पियानो वाजत होता. गोऱ्या मडमा, पारशी शेठ, संस्थानी मंडळी. बायकोनं लाल पट्ट्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढून हातात घेतल्या. मी दबक्या आवाजात म्हणालो, "घाल त्या." तिनं घातल्या, पण जिना चढेपर्यंत ती टाचा उचलूनच चालत होती.

खोली केवढी मोठी! मच्छरदाणीचा पलंग, विजेचा पंखा, भिंतीत घंटीचं बटण, आणि खिडकीशी लिहायचं मेज. मेजावर हॉटेलचं नाव छापलेले जाड कागद ठेवलेले. मी सामान सोडायच्या आधी त्या कागदांवर पत्रं लिहायला बसलो. मामांना, कॉलेजातल्या मित्रांना, ज्यांना वर्षभर पत्र धाडलं नव्हतं त्यांनाही. 'येथे सर्व उत्तम आहे' एवढाच काय तो मजकूर. बातमी त्या कागदातच होती.

संध्याकाळी भोजनगृहात गेलो. बायकोनं घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. तिचं म्हणणं, खोलीतच खाऊ. मी ऐकलं नाही. पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी तिला बसवलं, काटा कुठल्या हातात धरायचा ते सांगितलं. तिनं पाव खाल्ला, पाणी प्यायली, आणि बाकी सगळा वेळ मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत राहिली. मी तिच्याकडं कमी आणि शेजारच्या टेबलांकडं जास्त पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. न्हाणीघरातून तिची किंकाळी आली.

"माय व! हाई पानी ते उकळेल शे!"

तिनं गरम पाण्याचा नळ सोडला होता. मी साबणाच्या तोंडानं उठेपर्यंत दारातून वेगळाच आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन आमच्या मजल्याचा बेअरा उभा होता. साठीचा मुसलमान माणूस, पांढरी दाढी, पांढरा कोट, कमरेला हिरवा पट्टा. काल त्यानं माझ्याशी साफ इंग्रजीत "गुड इव्हिनिंग, सर" केलं होतं. आता त्याचे डोळे मोठे झाले होते.

"माय, तू कोन गावनी शे?" त्यानं आतल्या दाराकडं बघून विचारलं.

ती ओल्या हातानं बाहेर आली. "शिरपूरजोडेनी. तुम्ही, चाचा?"

"मीबी शिरपूरनाच!" तो म्हणाला. "इतला वरीस व्हई ग्यात, आपली बोली कानवर पडनी नही."

मी घसा खाकरला. तो लगेच ताठ झाला, ट्रे ठेवला, "एनीथिंग एल्स, सर?" म्हणाला आणि गेला.

मी दिवसभर बॅरिस्टरांच्या कचेरीत होतो. ते मोठे नावाजलेले गृहस्थ, विलायतेत शिकून आलेले. माझं टिपण त्यांना आवडलं. संध्याकाळच्या चहाच्या सुमारास म्हणाले, "चला, तुमच्या हॉटेलावरूनच मी क्लबात जाणार आहे. उरलेले कागद तिथंच बघू." त्यांच्या मोटारीतून हॉटेलाच्या दाराशी उतरताना मला वाटलं, ती पत्रं लिहायची घाई उगाच केली; ही मोटार त्यांत राहून गेली.

लिफ्टमधून बाहेर पडलो आणि हसणं ऐकू आलं. आमच्या व्हरांड्याच्या टोकाला बायको फरशीवर पाय पसरून बसली होती. तिच्यापुढं अदबीनं थोडं अंतर ठेवून तो म्हातारा उकिडवा बसला होता. ती त्याला माहेरची गोष्ट सांगत होती. तिच्या वडलांचा एक बैल, गव्हाच्या पोत्यांनी भरलेली गाडी घेऊन नदी ओलांडत होता.

"आनि मधमा जाईसन गाडीसंगे पानीमा बठी ग्या!" ती हात फेकून सांगत होती. "बठ्ठा गहू वला!"

बैल नदीत बसला, सगळा गहू ओला, आणि म्हातारा डोळे पुसत हसत होता. आणि ती, माझी बायको, डोकं मागं टाकून मोकळ्या गळ्यानं हसत होती. दीड वर्षाच्या संसारात तिचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात एवढंच आलं, की बॅरिस्टर थांबले आहेत.

"ही कुठली भाषा हो?" त्यांनी गमतीनं विचारलं. वाईट हेतू काहीच नव्हता. त्यांना खरोखरच ऐकायला मजा वाटली असावी.

मी म्हणालो, "आमच्याकडं नोकरमाणसं बोलतात तसली."

एवढंच बोललो. आवाज फार मोठाही नव्हता. पण तो व्हरांडा लांबलचक होता आणि हसणं नेमकं तेव्हाच थांबलं होतं. तिनं मान वळवून पाहिलं. म्हातारा गुडघ्यांवर हात देऊन उठला. ती उठली, पदर सारखा केला आणि आमच्या आधी खोलीत गेली. बॅरिस्टर तिच्याकडं पाहत म्हणाले, "तुमच्या घरच्या?" मी मान हलवली. ते गृहस्थ भले होते. त्यांनी कागदांचा विषय काढला आणि लवकर निघून गेले.

त्यानंतर मी जे केलं, ते रागात केलं असं म्हणायची सोय नाही. मी शांत होतो. खाली जाऊन हॉटेलच्या कचेरीत सांगितलं, की आमच्या मजल्याचा बेअरा जरा सलगीनं वागतो, दुसरा द्यावा. कारकुनानं नम्रपणे लिहून घेतलं. वर येऊन मी बायकोला समजावलं. चार लोकांत कसं बोलावं, कसं बसावं, आपली आता जागा काय आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

सकाळी चहा घेऊन दुसराच माणूस आला. बायको त्याच्याकडं पाहून, मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "चाचा?"

"बदली झाली असेल," मी म्हणालो.

तिनं न्याहारी केली नाही. दुपारी मी परतलो तेव्हा पाहिलं, डब्यातल्या दोन भाकरी तिनं वेगळ्या फडक्यात बांधून खिडकीशी ठेवल्या होत्या. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. निघायच्या दिवशी ते फडकं तिच्या हातातच होतं. जिन्यावरून उतरताना ती प्रत्येक मजल्यावर थांबून व्हरांड्यात डोकावत होती, आणि मी खालून हमालाला घाई करत होतो.

परतीच्या वाटेवर चाळीसगावला गाडी थांबली. फलाटावर सगळीकडं आपलीच बोली. एक केळीवाली खिडकीशी आली, "केया लेवाना का, माय?" बायको म्हणाली, "नको, बाई. आम्हांला नको आहेत."

शुद्ध, पुस्तकी मराठी. मी चकित झालो. आणि मी खूश झालो. मी तिला तसं म्हणालोसुद्धा. त्या वेळची माझी शाबासकी आठवली की आजही अंगावरचं पांघरूण ओढून तोंड झाकावंसं वाटतं.

त्यानंतर माझ्यासमोर तिच्या तोंडून 'शे' कधी आलं नाही. पुढं आम्ही धुळ्याला बिऱ्हाड हलवलं. मुलं झाली, ती आईकडून 'आहे' शिकली. तिचं बोलणं इतकं नेटकं झालं, की महिला मंडळातल्या बायका तिला आभाराचं भाषण करायला उभं करत. ती मला कधी उलटून बोलली नाही. माझ्या पाहुण्यांचं सगळं केलं, माझ्या आजारपणात उशाशी बसली. फक्त मला गोष्ट म्हणून कधी सांगितली नाही. त्या बैलाचं पुढं काय झालं, हे मला अजून माहीत नाही.

एकदा सासूबाई धुळ्याला राहायला आल्या होत्या. रविवार होता, मी घरीच होतो. जेवायला बसल्यावर बायको आपल्या आईला म्हणाली, "आई, अजून थोडा भात वाढू का?" सासूबाईंचा घास हातातच राहिला. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "मनी अंडेर मनासंगे पाव्हनीसारखी बोलस." म्हणजे, त्यांची लेक त्यांच्याशी पाहुणीसारखी बोलते. बायकोनं भात वाढला. मी जेवण तसंच टाकून उठू शकलो असतो, काही बोलू शकलो असतो. ताक मागितलं.

लढाईच्या काळात एका कामानं मुंबईला जाणं झालं, तेव्हा त्या म्हाताऱ्याला शोधायचं म्हणून मी त्याच हॉटेलात खोली घेतली. जिन्यावरचा लाल पट्टा झिजला होता, सगळीकडं गोरे सोल्जर. कचेरीत जाऊन म्हातारा बेअरा कुठं आहे म्हणून विचारलं. "नाव काय?" कारकुनानं विचारलं.

मला नाव माहीत नव्हतं. पांढरी दाढी, शिरपूरचा, असं सांगत राहिलो. त्यानं दोनचार जुन्या नोकरांना विचारलं. कुणी म्हणालं, निघून गेला. कुणी म्हणालं, वारला.

धुळ्याला परत आल्यावर मी बायकोला पहिल्यांदाच तो विषय काढून विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं त्याचं नाव सांगितलं. शिरपूरला रंगाऱ्यांच्या आळीत त्याची धाकटी बहीण होती, तेही सांगितलं. त्या दिवशी व्हरांड्यात त्यानं तिच्यापाशी निरोप दिला होता, मी बरा आहे म्हणून कळव.

"मग?"

"मग काय? त्याच दिवाळीत माहेरी गेले तेव्हा कळवला. फडक्यातल्या भाकरी वाळल्या होत्या, त्या नाही नेल्या. लाडू नेले."

"काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, भाऊ मोठ्या जागी कामाला आहे. सगळे मान देतात."

मी मग विचारलं, "कुठल्या बोलीत सांगितलंस?"

तिनं वर पाहिलं. "त्यांच्याच की. माहेरी मी दुसरं काय बोलते?"

इतकी वर्षं मी समजत होतो, की ती आपली बोली विसरली. मी म्हणालो, "माझ्याशीही बोल ना. मीही तिकडचाच आहे." तिनं खरोखर प्रयत्न केला. तोंड उघडलं, एक शब्द उच्चारला, मग थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होतं.

"तुमच्याशी नाही हो जमत," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

आता मी कोर्टात जात नाही. सकाळी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसतो. आठवड्यातून दोनदा मागच्या दाराशी एक बाई वांगी घेऊन येते. बायको उंबऱ्यावर बसते आणि दोघींचं बोलणं सुरू होतं. कुणाची सून, कुणाचं वावर, कुणाची म्हैस व्यालेली. मधूनच बायको हसते. शब्द सगळे ऐकू येत नाहीत, आणि जवळ जाऊन ऐकण्याचा मोह होतो. एकदा तसा उठलो होतो. माझ्या खडावांचा आवाज झाला आणि आतून तिचा आवाज आला, "बरं, बाई, पुन्हा या." म्हणून आता खडावा काढून ठेवतो आणि पानही उलटत नाही.