कॅनवाल्या जैनबबाई

जैनब अत्तार यांना पुण्यातलं कुठलंही दार उघडून घेता येत असे. बेल वाजवायची, दोन पावलं मागे सरायचं, आणि आतून "काय आहे?" असं खेकसणं ऐकू आलं की उत्तर द्यायचंच नाही. उलट आपणच विचारायचं, "घरात लहान मूल आहे का?" नुसतं "नाही" म्हणायलाही माणूस दार उघडतो, आणि एकदा दार उघडलं की जैनबबाई उंबऱ्याच्या आत असत.

ही विद्या त्यांनी अठ्ठावीस वर्षं घासून घासून मिळवली होती. आधी पोलिओचे डोस, मग मलेरियासाठी रक्ताचे थेंब, मग डासांच्या अळ्या शोधायला लोकांच्या कुंड्यांत डोकावणं, आणि करोनात दारोदार बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजणं. गंज पेठेतून सकाळी पायी निघालेली बाई संध्याकाळी कुठल्या टोकाला निघेल याचा नेम नसे. त्यांचे यजमान रियाजभाई शिलाई मशीन दुरुस्त करत. ते म्हणत, "पुण्यातल्या सगळ्या घरांत ही जाऊन आलीय. आमच्याच घरी कधीमधी येते."

त्रेपन्नाव्या वर्षी जैनबबाईंना एका संशोधन संस्थेत काम मिळालं. डॉ. अनंत नावाचे तरुण डॉक्टर तिथे प्रमुख होते. जुन्या पेठा, आयटीवाल्यांच्या सोसायट्या आणि शहराने पोटात घेतलेली गावं, अशा तीन तऱ्हेच्या वस्त्यांतली माणसं रोज किती मीठ खातात हे त्यांना शोधायचं होतं. आता मीठ किती खाता, असं विचारून काही उपयोग नसतो. "आमच्याकडे मीठ कमीच लागतं," हे प्रत्येक घरातलं ठरलेलं उत्तर. पण खाल्लेलं मीठ बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून निवडलेल्या प्रत्येक माणसाला तीन लिटरचा पांढरा कॅन द्यायचा आणि चोवीस तासांची सगळी लघवी त्यात जमा करून घ्यायची. कॅन द्यायचा आणि भरलेला परत आणायचा, हे काम जैनबबाईंचं.

सुरुवातीला त्यांनाही जरा कसंसं वाटलं. रियाजभाईंनी तर नात्यातल्या एका लग्नात "ती नमुने गोळा करते" एवढंच सांगून वेळ मारून नेली. त्यावर नवऱ्या मुलीच्या आईने जैनबबाईंना कोपऱ्यात घेतलं आणि चंदेरीचे असतील तर आम्हालाही दाखवा, म्हणून गळ घातली.

पेठांमधलं काम त्या मानाने सरळ झालं. शरच्चंद्र आपटे नावाच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मात्र संमतिपत्र दोन दिवस ठेवून घेतलं आणि लाल शाईने तपासून परत दिलं.

"एकोणीस चुका आहेत," ते म्हणाले. "मूत्र नपुंसकलिंगी आहे. तुम्ही पुल्लिंगी केलंत."

"मग काका, तुमची संमती नाही का?"

"संमती आहे. मजकुराला नाही."

त्यांचा कॅन मात्र घड्याळाच्या काट्यावर तयार होता. वर वेळा लिहिलेला कागद, खाली सही.

खरी गंमत झाली ती हिंजवडीच्या पलीकडच्या गावात. तिथे दत्तोबा नावाच्या गृहस्थांचं नाव निघालं. दत्तोबांच्या शेतात आता काचेची इमारत उभी होती. गावात त्यांनी स्वतः तीन मजले बांधले होते. वरच्या मजल्यावर कंपनीत जाणारी पोरं भाड्याने राहत, आणि खाली गोठ्यात दोन म्हशी होत्या, कारण म्हशीशिवाय घर म्हणजे लॉज, असं त्यांचं मत होतं. साठी उलटलेली, अंगाने शेलाटे, पण आवाज असा की कंपनीच्या बसचा हॉर्न फिका पडावा.

"माझंच नाव कसं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या टाकतात, दादा. एका घरातलं एकच नाव येतं."

"मग बरोबर हाय," दत्तोबा बायकोकडे बघत म्हणाले. घरात चार माणसं असताना कॉम्प्युटरने नेमका कर्ता पुरुष ओळखला, याचं त्यांना समाधान वाटलं.

जैनबबाईंनी नियम समजावून सांगितला. उद्या सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची. तिथून पुढची सगळी कॅनमध्ये. परवा सकाळी उठल्यावरची पहिली, ती आपली शेवटची. तीही कॅनमध्ये.

दत्तोबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी एकादशीचं द्वादशीला सोडायचं, तसं."

"अगदी तसंच," जैनबबाई म्हणाल्या. इतक्या थोडक्यात हे पेठेतल्या एकाही पदवीधराला कळलं नव्हतं.

पण घोळ व्हायचा तो झालाच. त्याच आळीत दत्तोबांचे चुलतभाऊ जयसिंग राहत. दोघांचं बांधावरून सुरू झालेलं भांडण बांध गेला तरी चालूच होतं. जयसिंगचंही नाव निघालं होतं, आणि ज्या दिवशी दत्तोबांनी कॅन सुरू केला त्याच सकाळी जयसिंगचा भरून झाला होता. संस्थेची जीप यायला उशीर होता, म्हणून जयसिंगने तो ओट्यावर मांडून ठेवला, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. चांगला गळ्यापर्यंत भरलेला. दत्तोबांनी जाता जाता तो पाहिला आणि दुपारी घरी येऊन आपला पाहिला. तळाला कसाबसा तांब्याभर ऐवज.

दुसऱ्या दिवशी जैनबबाई आल्या तर दत्तोबांचा कॅन तीन लिटरला दोन बोटं कमी असा तुडुंब भरलेला. बाईंनी तो उचलून पाहिला. मग दत्तोबांच्या शेलाट्या अंगाकडे पाहिलं.

"दादा, सगळं तुमचंच ना?"

"मग काय भाड्यानं आणलं?" दत्तोबा कडाडले.

मागे उभ्या असलेल्या सरुबाईंनी, म्हणजे दत्तोबांच्या मंडळींनी, तोंडाला पदर लावला आणि त्या घाईघाईने गोठ्याकडे गेल्या. जैनबबाईंनी फॉर्मवर "कॅन फार भरलेला" असा शेरा लिहिला आणि नंबर टाकला, एकशे सदतीस.

आठ दिवसांनी डॉ. अनंत अक्षरशः नाचत आले. एकशे सदतीस नंबरचा माणूस दिवसाला छत्तीस ग्रॅम मीठ खात होता! खावं पाच ग्रॅम, लोक खातात दहा-अकरा, आणि हा छत्तीस! पडद्यावर त्यांनी आलेख लावला. सगळे ठिपके खाली दाटीवाटीने बसलेले आणि वर, अगदी छताजवळ, एक लाल ठिपका एकटाच. बाहेरगावच्या शास्त्रज्ञांपुढे तो दाखवायचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"सर, छत्तीस ग्रॅम खायला माणसाला मिठागरातच खाट टाकावी लागेल," जैनबबाई म्हणाल्या.

"मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नसतील बोलत, सर. कॅन माणसं भरतात."

चार दिवसांनी प्रयोगशाळेचा दुसरा रिपोर्ट आला. माणसाचे स्नायू रोज एक ठरावीक पदार्थ लघवीत सोडत असतात, क्रिएटिनिन म्हणतात त्याला. पाणी कितीही प्या, दिवसाचं माप फारसं बदलत नाही. त्यावरून कॅन अर्धवट आहे की पुरा, हे कळतं. डॉ. अनंत यांनी रिपोर्टच्या कडेला भागाकार मांडला.

"ह्या हिशेबाने ह्या गृहस्थांचं वजन दोनशे किलोच्या पुढे पाहिजे."

"एकसष्ट आहे, सर. टोपीसकट."

"मग ही एका माणसाची लघवी नाही. साडेतीन माणसांची आहे." डॉक्टरांनी मुकाट्याने लाल ठिपका पुसला. "पण साडेतीन कसे?"

ते बघायला जैनबबाई पुन्हा गावात गेल्या. दत्तोबा आधी गरजले. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आम्ही, आमच्यावर असला आळ, वगैरे वगैरे. जैनबबाईंनी पोलिओच्या काळात यापेक्षा मोठे आवाज ऐकले होते. त्या शांतपणे चहा पीत राहिल्या. शेवटी सरुबाईंना राहवेना.

"अवो, सांगून टाका की! ह्यांचं एक, आमच्या बजरंगाचं एक, आन वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांचं. पोरं नगं म्हनत व्हती, तर हे म्हनले, मग खोली खाली करा."

"आणि मग साडेतीन कसे, वहिनी?"

"पोरं रातच्या अकराच्या बसनं कंपनीत गेली न्हवं का! त्येंचं अर्धंच घावलं. न्हाईतर दुसरा डबा मागावा लागला असता."

दोन अर्धे म्हणजे एक, असा हिशेब केला तरी तीनच होतात. जैनबबाईंनी बोटांवर मोजलं आणि मग दारातून आत येणाऱ्या बजरंगकडे पाहिलं. दत्तोबांचा हा मुलगा तालमीतला होता. छाती अशी की दारातून तिरका होऊन यावं लागे. दीड माणूस इथेच होता. प्रयोगशाळेबद्दल जैनबबाईंचा आदर एकदम वाढला.

"पण दादा, कशासाठी हे?"

दत्तोबा बराच वेळ टोपी काढत-घालत बसले. मग म्हणाले, "जयसिंगचा भरला व्हता."

एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात राग अशा अवस्थेत जैनबबाईंनी नवा कॅन पुढे केला. "आता तुमचं एकट्याचं. लोटाभर असलं तरी चालेल, पण तुमचं."

फॉर्म पुन्हा भरायचा म्हणजे ब्लड प्रेशरही पुन्हा मोजायचं. दत्तोबांचं आलं एकशे चोवीस. ते पट्टा सोडवत होते तेव्हा सरुबाई सहज म्हणाल्या, "आमचं न्हाई का बघत? सकाळचं डोकं लई जड ऱ्हातं."

नियम साफ होता. ज्याचं नाव निघालं त्याचंच मोजायचं. पण यंत्र समोर होतं, आणि दंडही समोर होता. जैनबबाईंनी सरुबाईंना पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याऐंशी, खाली एकशे बारा. दुसऱ्या दंडावर मोजलं. तेवढंच. थोडं थांबून तिसऱ्यांदा मोजलं, तरी आकडा हलला नाही. कॅनपायी त्या या घरात येण्याची ही तिसरी वेळ होती, आणि प्रत्येक वेळी ही बाई चहाचा कप हातात देऊन मागे सरकली होती.

"नंबर माझा लागला, आन बीपी हिला?" दत्तोबा म्हणाले. "मशीन चुकलं असंल."

"मशीन आत्ताच तुमच्यावर बरोबर चाललं, दादा. ह्यांना डॉक्टरांकडे न्यायला लागेल."

"उद्याच्याला नेतो की. आज म्हशीला—"

"उद्या नाही. आज. आत्ता."

जैनबबाईंचा हा आवाज त्यांच्या घरच्यांच्या ओळखीचा होता. दत्तोबांना तो नवा होता. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, त्यांचा तो हॉर्नसारखा आवाज बसल्यासारखा झाला. "गाडी काढ रं बजरंगा," एवढंच ते म्हणाले. सरुबाई गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. दत्तोबा मागे बसले आणि आरोग्य केंद्र येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जैनबबाई शेजारीच होत्या, म्हणून ही गोष्ट गावाने खरी मानली.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर बाई एक दिवस चुलीपुढेच कोसळल्या असत्या, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संस्थेत मात्र डॉ. अनंत यांनी कपाळाला हात लावला. "मावशी, त्या आपल्या सॅम्पलमध्ये नव्हत्या."

"नव्हत्या, सर. पण घरात होत्या."

डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त आलेखात फार राहिले होते. दोन दिवसांनी त्यांनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला पत्र लिहिलं की घरातल्या कुणीही मागितलं तर त्याचं ब्लड प्रेशर मोजावं. अभ्यासात धरू नये, पण चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवावं. समितीने तीन महिने आणि दोन बैठका घेतल्या. मंजुरी येईपर्यंत जैनबबाईंनी एकसष्ट दंडांना पट्टा बांधलेला होता.

दत्तोबांचा दुसरा कॅन आला तो जेमतेम सव्वा लिटरचा. मीठ अकरा ग्रॅम, म्हणजे चारचौघांसारखं. त्यांनी कॅन पोत्यात गुंडाळून दिला, कुणाला दिसू नये म्हणून. त्याच आठवड्यात जयसिंग स्वतःहून त्यांच्याकडे आले. संस्थेने त्यांना कळवलं होतं की त्यांना साखर आहे, चांगलीच वाढलेली. म्हणून सारखी तहान, आणि म्हणूनच कॅन गळ्यापर्यंत. हे ऐकून दत्तोबा आधी हसले, मग हसताना लाजले, आणि शेवटी म्हणाले, "सोमवारी सरूला दाखवायला न्यायचंय. तू बी चल." पुढे दोघं भाऊ दर महिन्याला एकाच गाडीतून जाऊ लागले. जाताना भांडत, येताना भांडत. पण जात.

सहा महिन्यांनी जैनबबाई पुन्हा गावात गेल्या. सरुबाईंचं प्रेशर एकशे चौतीसवर आलं होतं. सकाळचं डोकं हलकं झालं होतं. त्यांनी पापड, खारवलेल्या मिरच्या आणि लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली होती, आणि शिडी बजरंगकडून दुसरीकडे हलवून घेतली होती.

दत्तोबांनी जैनबबाईंना अंगणात बाजूला घेतलं. आवाज खाली आणून, म्हणजे आळीत ऐकू जाईल एवढाच ठेवून, ते म्हणाले, "ताई, भाजी तोंडात धरवत न्हाई बघा. नुसतं गवत. तुमचं ती ऐकती. तिला जरा सांगा, चिमूटभर तरी टाक म्हनावं."

"सांगते की," जैनबबाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या. सरुबाई भाकरी थापत होत्या.

"वहिनी," जैनबबाई म्हणाल्या, "चाललंय ते उत्तम चाललंय. जराही बदलू नका."

मग पिशवी खांद्याला लावून त्या मागच्या दाराने पुढच्या घराकडे निघाल्या.