बर्फाच्या डोंगराला जाणारी शेवटची गाडी

निवृत्तीला टेकलेल्या माणसाने गुडघ्यांना तेल चोळत बसावं, असा एक सर्वमान्य समज आहे. बसस्टँडवरच्या कंट्रोलरांना तो मान्य नव्हता. त्यांना परदेशात जाऊन, पायांना लांबलचक फळ्या बांधून, बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली यायचं होतं. आणि त्या डोंगरापर्यंत जायचं होतं ते तिथल्या साध्या, गावोगावी थांबत जाणाऱ्या बसने. पहिली इच्छा ऐकून लोक हसायचे आणि दुसरी ऐकून गप्प व्हायचे. वेडालाही काही मर्यादा असावी, असं त्यांना वाटत असणार.

कंट्रोलर हा त्यांचा हुद्दा. पण तो त्यांना इतका चिकटला होता की बायकोसुद्धा शेजारणीला सांगताना ‘कंट्रोलर आंघोळीला गेलेत’ म्हणायची. स्टँडच्या मधोमध त्यांची केबिन होती, तीन बाजूंनी काचेची. आत एक माइक, त्याला थुंकी उडू नये म्हणून बांधलेला रुमाल, एक फोन आणि बूड झिजलेली खुर्ची. त्यांची सही झाल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. आवाज दणदणीत होता, रागही नाकावरच असायचा, आणि माइकवरून ते कोणाला कधी काय बोलतील याचा नेम नव्हता. फलाटावर केळ्याची सालं टाकणाऱ्याची त्यांनी एकदा त्याच्या शर्टाच्या रंगासकट साऱ्या स्टँडला ओळख करून दिली होती.

या स्टँडवर एक रीत होती. कुठल्याच नियमात ती लिहिलेली नव्हती, पण कंट्रोलर ती नियमापेक्षा कडक पाळत. कुठल्याही दिशेची शेवटची गाडी, तिला जोडून येणारी गाडी आल्याशिवाय सोडायची नाही. येणाऱ्या गाडीला उशीर झाला की तिचा कंडक्टर वाटेतून फोन करायचा, की अमुक गावाची चार माणसं आहेत, थांबवा. मग कंट्रोलर केबिनमधून उतरायचे, शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या खिडकीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘जरा दम धर.’ ड्रायव्हर कुरकुरायचे, बसलेले प्रवासी घड्याळं दाखवायचे, पण तो हात काही निघायचा नाही. तेवढ्यात धापा टाकत माणसं यायची आणि चढायची. आपल्यासाठी कोणी तरी गाडी धरून ठेवली होती, हे त्यांना कधी कळायचंही नाही.

इतकं सगळं जमणाऱ्या या माणसाला एक गोष्ट मात्र अजिबात जमत नसे. बसगाड्या सोडून दुसऱ्या कशावर बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. आणि नेमकी त्यांची एकुलती एक लेक, चिमी, अशा ठिकाणी जाऊन राहिली होती की बोलल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ताच नव्हता. ती परदेशात, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. दर रविवारी दुपारी फोन यायचा. कंट्रोलर विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची, हो. थंडी आहे का? आहे. बरं, आईला देतो. मग मायलेकी पाऊण तास बोलायच्या आणि कंट्रोलर शेजारी बसून एका बाजूचं बोलणं ऐकायचे.

सुरुवातीला चिमी प्रत्येक वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी येते. मग एका वर्षी ती ते म्हणायचीच थांबली. बायकोने ते बोलून दाखवलं आणि रडून घेतलं. कंट्रोलरांनी बोलून दाखवलं नाही. ते आतल्या आत कुढत राहिले. संध्याकाळच्या गाडीतून बाहेरगावी शिकणाऱ्या मुली पाठीवर पिशव्या घेऊन उतरायच्या, तेव्हा त्यांना उगाचच माइकचा रुमाल सोडून पुन्हा बांधावासा वाटायचा.

अशात एका रविवारी चिमीने एक व्हिडिओ पाठवला. लाल जाकीट घातलेली चिमी बर्फाच्या डोंगरावर उभी आहे, दोन पावलं घसरते आणि सपशेल आडवी होते, आणि मग कोणी तरी खो खो हसतंय, ते तीच. खाली डोंगराचं नाव होतं आणि एक ओळ होती, ‘बाबा, तुम्ही पाहिजे होतात.’

कंट्रोलरांनी ती ओळ किती वेळा वाचली असेल देव जाणे. बायको म्हणाली, मी पाहिजे होते असं नाही म्हणाली, कारण मी असते तर तिला पडू दिलं नसतं. पण कंट्रोलरांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोतल्या कारकुनाला संगणकावर तो डोंगर शोधायला लावला. डोंगर सापडला आणि त्याच्या शेजारीच, कंट्रोलरांचं नशीब उघडावं तसं, तिथल्या बसचं वेळापत्रक सापडलं. प्रत्येक गाव, प्रत्येक थांबा आणि प्रत्येक गाडीची वेळ. कंट्रोलर खुर्ची ओढून बसले ते कारकुनाची जेवणाची सुट्टी संपली तरी उठेनात.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी तो बायकोच्या हातातून काढूनच घेतला. तुझ्या घराजवळच्या चौकातून सकाळी पहिली गाडी निघते ती कुठल्या रंगाची असते, असं त्यांनी विचारलं. चिमी चकित झाली. मग म्हणाली, हिरव्या. आणि मग काय विचारता, पाऊण तास बापलेक बोलले आणि बायको शेजारी बसून एका बाजूचं बोलणं ऐकत राहिली.

तेव्हापासून रविवारची रीतच पालटली. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर एक मोठा कागद लागला. त्यावर चिमीच्या शहरापासून डोंगरापर्यंत एक वेडीवाकडी रेघ होती आणि रेघेवर गावांची नावं होती. कंट्रोलर ती नावं अशी उच्चारायचे की त्या गावच्या लोकांनी गावच सोडलं असतं. चिमी हसून लोटपोट व्हायची आणि नावं सुधारून द्यायची. मग ती गावाबद्दल सांगायची, गावावरून कामाबद्दल, कामावरून शेजारच्या टेबलावरच्या कवळ्या घासणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल. जे इतक्या वर्षांत कधी कानावर आलं नव्हतं ते सगळं बसच्या निमित्ताने यायला लागलं.

तयारीही जोरात होती. घसरताना गुडघे वाकवून उभं राहायचं असतं, हे कळल्यावर कंट्रोलर केबिनमध्ये तसे उभे राहू लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, हे बसायला निघालेत आणि खुर्ची सापडत नाहीये. मेकॅनिक लोकांनी तर गाड्या धुवायच्या उतारावर साबणाचं पाणी सोडून देण्याची तयारी दाखवली. बायकोचं म्हणणं होतं की घसरूनच पडायचं असेल तर एवढ्या लांब कशाला, आपलं बाथरूम काय वाईट आहे?

पण एका गोष्टीचा उलगडा तिला होत नव्हता. चिमीला चालवायला मैत्रिणीची मोटार मिळत होती. मोटारीने डोंगर दोन तासांवर होता आणि बसने गाड्या बदलत बदलत अख्खा दिवस जाणार होता. चिमीने मोटारीचं सुचवलं तेव्हा कंट्रोलरांनी उडवून लावलं होतं. एका सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने त्यांना धरलंच. अहो, पोरीला एक दिवसाची रजा मिळणार मुश्किलीने, ती गावोगावी थांबण्यात का घालवायची?

कंट्रोलर फ्रिजवरच्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मोटार ती चालवणार. समोर बघणार. बसमध्ये शेजारी बसेल.”

बायकोच्या हातातली घडी तशीच राहिली. चिमी लहानपणापासून बसमध्ये वाढलेली पोर. शाळेला, मग कॉलेजला, ती याच स्टँडवरून जायची. कंट्रोलर केबिनमधून हात करायचे आणि ती खिडकीतून. नवरा कधी लेकीच्या शेजारच्या सीटवर बसून कुठे गेलाय, असं बायकोला आठवेना. कारण तो कधी गेलाच नव्हता. बसमधली ती एक जागा त्याला हवी होती आणि तिच्यासाठी तो माणूस म्हातारपणी बर्फावर हातपाय मोडून घ्यायला निघाला होता. तिने पुन्हा मोटारीचं नाव काढलं नाही.

असं करत करत बेत शेवटच्या टप्प्यावर आला. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. तिथून वर जाणारी शेवटची गाडी चारला निघत होती आणि यांची गाडी त्या गावात पोचत होती चार वाजून दोन मिनिटांनी. कंट्रोलरांनी त्या ठिकाणी बरोबरची खूण केली आणि निर्धास्त झाले. रविवारी त्यांनी चिमीला सगळा मार्ग मोठ्या रुबाबात वाचून दाखवला.

चिमी म्हणाली, इथे चुकलंय. ती गाडी आधीच निघून जाते.

कंट्रोलर म्हणाले, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. आपल्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचं, तो पुढे फोन करेल. शेवटची गाडी आहे, थांबवतील की.

चिमीने समजावलं की इथल्या गाडीत कंडक्टर नसतो. बरं, मग त्या गावच्या कंट्रोलरला आपणच फोन करू. चिमी म्हणाली, कंट्रोलरही नसतो. तिथे स्टँडच नाही. एक खांब आहे आणि त्यावर वेळांची पाटी आहे. कंट्रोलरांच्या हे काही केल्या पचनी पडेना. गाडी सुटते तिथे कोणी तरी असणारच, माणसाशिवाय गाडी सुटेलच कशी? जगात कुठेही जा, शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर समोरून येणारी गाडी बघून दोन मिनिटं दम धरणारच, या मुद्द्यावर ते हटून बसले. आवाज चढला. माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही, असंही विचारून झालं.

“नाही थांबत, बाबा,” चिमी म्हणाली. “दार बंद झालं की बंद. मला माहीत आहे.”

“तुला काय माहीत?”

मग ती हसत हसत सांगायला लागली. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात कामावरच्या मंडळींनी त्या डोंगरावर जायचं ठरवलं होतं. मोटारीत जागा नव्हती म्हणून ही एकटी बसने निघाली. त्याच गावात उतरली तेव्हा वरची शेवटची गाडी समोर उभी होती. ही हात वर करून धावली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. दोघांची नजरानजरही झाली. आणि गाडी निघाली. खाली परत जाणारी गाडी यायला खूप वेळ होता. फोनची बॅटरी संपली होती आणि जवळपास एकही दुकान उघडं नव्हतं. ती त्या खांबापाशी उभी राहिली. वर गेलेल्या मंडळींनी ती का आली नाही हे विचारलं, ते थेट सोमवारी.

कंट्रोलरांना आठवलं. त्या रविवारी तिने फोनवर सांगितलं होतं की बर्फ पाहिला, खूप मजा आली. बायकोने ते चार घरी जाऊन सांगितलंही होतं.

“तेव्हा का नाही बोललीस?” त्यांनी विचारलं.

“बोलून काय, बाबा? तुम्ही तिथून हात दाखवून गाडी थांबवणार होतात?”

ती हे गमतीत म्हणाली होती. पण कंट्रोलरांचं बोट कागदावरच्या त्या गावाच्या नावावर जाऊन थांबलं. बायकोने चेहरा बघितला आणि चपापून काय झालं म्हणून खुणेने विचारलं. त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं त्यांनी कोणाकोणाच्या लेकींसाठी खिडकीवर हात ठेवला होता. रडणाऱ्या पोरांसाठी, नव्या नवऱ्यांसाठी, दारू पिऊन आलेल्या आणि शिव्या देत चढणाऱ्या माणसांसाठीसुद्धा ठेवला होता. आणि आपली पोर हात वर करून धावत होती तेव्हा तिथे एक खांब उभा होता.

“बाबा? आहात का?”

“आहे.”

“रागावलात? आपण सकाळची लवकरची गाडी धरू ना. मग वरची चुकणार नाही. तुमचं घसरणं पण होईल.”

“वर नकोच जायला,” कंट्रोलर म्हणाले. “आपण त्या गावापर्यंतच जाऊ. मला त्या खांबापाशी उतरायचंय.”

“तिथे काय आहे? तिथे काहीच नाही हो बाबा.”

“तू उभी होतीस ना तिथे. मी थोडा वेळ तुझ्याबरोबर उभा राहतो.”

फोन कट झाला असावा असं वाटून त्यांनी तो कानापासून दूर केला, पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. चिमी अजून होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मग लहानपणी ताप आल्यावर यायचा तशा आवाजात ती म्हणाली,

“खूप थंडी वाजत होती, बाबा.”