खंडूच्या घरी सांगायचं होतं

त्या हिवाळ्यात आमच्या प्लाटूनची पोस्टिंग उत्तर सीमेवर, बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी हवालदार, गाव कळंब. माझ्या सेक्शनमध्ये आमच्याच भागातले दोन जवान आले, याचा मला आनंद झाला. त्यातल्या एकाला आठवडाभर पाहिलं आणि निम्मा आनंद ओसरला.

तो संजू. आळे गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, वय अठ्ठावीस. मित्राला सोबत म्हणून भरतीला गेला होता. मित्र नापास झाला, हा पास झाला. सात वर्षांच्या नोकरीत एक कोर्स केला नाही, बढतीचं नाव काढलं नाही. पुढं काय करणार विचारलं की म्हणायचा, "बघू ना, उस्ताद." घरून लग्नाचं विचारत, त्यालाही तेच उत्तर. स्वभावाने वाईट नव्हता. पण त्याला सांगितलेलं काम झालं की नाही, हे दुसऱ्या कुणीतरी बघावं लागे.

दुसरा लान्स नाईक खंडू, आंबेगाव तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचा. गस्तीवर आम्ही सगळे एका दोरीला बांधून चालायचो. खंडू कायम शेवटी. मेंढपाळ कळपाच्या मागून चालतो, म्हणजे लंगडं, दमलेलं मेंढरू मागे राहत नाही. मी त्याला एकदा पुढे घेतलं, तर म्हणाला, "उस्ताद, मी मागंच बरा. पुढं चाललो तर मागं बघून बघून मान मोडंल माजी." मी पुन्हा कधी त्याला हलवलं नाही.

थंडीत रेडिओ सेटची बॅटरी लवकर मरते. म्हणून जादा बॅटरी जॅकेटच्या आत, अंगाला लावून न्यायची, हा तिथला नियम. ती टोचते, पण गरम राहते. त्या दिवशीच्या गस्तीत जादा बॅटरी संजूकडे होती.

सकाळ स्वच्छ होती. परतताना दुपारी ढग उतरले आणि पुढचा माणूस दिसेना. कड्यावरून येताना खंडूच्या पायाखालचा बर्फ तुटला. दोरीला हिसका बसला. संजू आडवा पडला, पण त्याने दोरी सोडली नाही. आम्ही खंडूला वर ओढलं. त्याची छाती दगडावर आपटली होती.

"लागलं का?"

"लागलंय. चालतो मी." तो उठला आणि लगेच बसला.

मी सेट घेतला. "अल्फा, अल्फा, धिस इज ब्राव्हो. वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पार्टी..." एवढ्यात सेट बंद पडला.

"संजू, बॅटरी."

त्याचा हात जॅकेटकडे गेला नाही, पाठीवरच्या पिट्टूकडे गेला. बॅटरी बर्फासारखी गार होती. सेटवर साधा दिवाही लागला नाही.

"टोचत व्हती, उस्ताद."

मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. खोटं कशाला सांगू? पण मी एवढंच म्हणालो, "घाल आत."

त्याने जॅकेट उघडलं, शर्ट वर केला आणि बॅटरी उघड्या अंगाला लावली. खंडूचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्या ढगात खंडूला उचलून कड्यावरून नेणं म्हणजे सगळ्यांनाच घालवणं होतं. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने सेट लागला. पोस्टवरून उत्तर आलं, "रॉजर. पार्टी अभी निकल रही है." पार्टी पोहोचली तेव्हा खंडू गेला होता. संजूने मांडी हलवली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव आत झाला होता. लवकर मदत मिळाली असती तर वाचला असता का, ते सांगता येत नाही. मी रिपोर्टमध्ये बॅटरीचं लिहिलं. संजूला शिक्षा झाली. त्याने ती निमूट भोगली.

नंतर एकदा रायफली साफ करताना तो म्हणाला, "उस्ताद, सुट्टीत खंडूच्या घरी जानार ना? मी बी येतो. बॅटरीचं मी सांगतो."

"नाही सांगितलंस तर त्यांना कधी कळणार नाही."

"मला म्हाईतीय ना. आजवर समदं बघू बघू म्हनत ढकललं. हे नाय ढकलायचं."

आम्ही गेलो तेव्हा खंडूच्या वडिलांनी कळंबजवळ कांदा काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती. खतासाठी शेतकरी असा कळप बोलावतात. म्हातारा जाळ्याचं कुंपण बांधत होता. संजूने खाली बसून सगळं सांगितलं. टोचत होती म्हणून बॅटरी पिट्टूत टाकली, हेही सांगितलं. स्वतःची बाजू घेतली नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

म्हातारा बराच वेळ गाठी मारत राहिला. मग विचारलं, "जाताना त्याच्याजवळ कोन व्हतं?"

"मी व्हतो, आण्णा. माज्या मांडीवर गेला."

"एकटा नव्हता म्हंजी." त्याने डोळे पुसले. "रागबिग लई हाय बाबा मला. पन तू आलास. आता हे त्याच्या आयला बी सांग. माज्यानं नाय व्हायचं."

माउली पालाच्या तंबूपुढे चुलीजवळ होती. संजू माझ्याकडे न बघता उठला आणि तिच्यासमोर जाऊन बसला. पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्याचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "त्या दिशी सकाळी खाऊन निघाला व्हता का रं?"

"व्हय मावशी. पुरीभाजी व्हती. माज्या ताटातल्या दोन पुऱ्या बी त्यानंच उचलल्या."

ती हसली. "ल्हानपनापास्नं तसाच," म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. संजू तिथेच बसून राहिला.