स्टार्टरचं झाकण
शिरूरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या वायरचा वास आला, की मला विहिरीवरची ती दुपार आठवते. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. ‘नुसतं विचारू नको, उघडून बघ,’ हे मीच तिला शिकवलेलं, त्यामुळं घरातली टॉर्च, घड्याळं तिनं कधीच खोलून पाहिली होती. त्या दुपारी लाईट गेली म्हणून मी उसात गवत काढत होतो. बांधावर आलो, तर लेक विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीपुढं उभी, स्टार्टरचं झाकण काढलेलं आणि बोट आत. लाईट येताच मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्विच मीच लावून ठेवलेला. ओरडलो तर दचकून हात आत टेकेल, म्हणून ओल्या सरीतून मुकाट धावलो. पाच पावलं उरली आणि लाईट आली, बोर्डावरचे तिन्ही फेजचे दिवे पेटले. मी तिला मागं ओढलं आणि थोबाडीत दिली. मोटार मात्र सुरूच झाली नाही. तिनं रडतरडत फ्रॉकच्या खिशातून तीन फ्यूज काढले. “पप्पा, आदी हे काढलं व्हतं. तुमी काढता तसंच.” आज ती शिरूरात इलेक्ट्रिकचा कोर्स करते. शंका आली की सरांना विचारते, मैत्रिणींना विचारते. मला त्या दुपारनंतर तिनं काहीच विचारलेलं नाही.